सुरगाठ

मराठीत गाठीचे दोन प्रकार आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ बसली की आधी नखांनी, मग दातांनी, शेवटी विळ्यानं सुटते. सुरगाठीचं टोक ओढलं की ती मोकळी होते. गोठ्यात जनावर बांधायचं ते सुरगाठीनं, इतकं तर घरातली म्हातारी माणसंही सांगतात. तरी कोणत्याही गावात दहा गोठे फिरून पाहावेत, निम्म्याहून जास्त दाव्यांना निरगाठीच दिसतील, त्याही शेणामुतात भिजून दगड झालेल्या. जनावर पकडणं, बांधणं, जखडणं यावर बोलताना सगळे ताकदीचं बोलतात. खरं पाहायचं असतं ते हे, की बांधलेलं एका हातानं, अंधारात, घाबरलेल्या माणसाला सोडता येईल का.

गाठ मारायची रीत अशी. दाव्याचं मोकळं टोक खुंट्यामागून फिरवून आपल्याकडे आणायचं. जनावराकडे गेलेल्या दाव्यावर ते आडवं टाकून त्याचा एक वेढा करायचा आणि त्या वेढ्यातून मोकळ्या बाजूचा दुहेरी पदर आत सारायचा. नुसतं टोक सारायचं नाही. मग जनावराच्या बाजूचं दावं ओढून गाठ खुंट्यापाशी आवळायची. जनावर जितकं ओढील तितकी ती घट्ट बसते, आणि मोकळं टोक हिसकलं की एका झटक्यात सुटते. चूक होते ती पदर कोणत्या बाजूचा सारला यात. जनावराच्या बाजूच्या दाव्याचा पदर सारला तर गाठ दिसायला तशीच दिसते, पण जनावरानं मान हिसकली की आपोआप सुटते. म्हणून गाठ मारल्यावर दोन्ही बाजू एकदा ओढून बघायच्या. काही जनावरं, शेळ्या तर हटकून, लोंबतं टोक चघळून ओढतात. त्यावर उपाय म्हणून टोक पदरातून ओवून ठेवतात, पण मग सोडताना ते आधी बाहेर काढावं लागतं. त्यापेक्षा टोक तोंडाच्या टप्प्याबाहेर राहील अशा बाजूला ठेवावं.

घाई कधी लागते? बांधलेली गाय ओल्या फरशीवर घसरून पडते, दावं मानेत आवळतं, जीभ बाहेर येते. त्या क्षणी दाव्यावर चारशे किलोंचा भार असतो. गोठ्याला आग लागते, दावणीत साप निघतो, नदीचं पाणी रात्रीत चढतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठानं जे झालं ते सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना सांगायला नको. म्हैस पाण्यात उत्तम पोहते, पण बांधलेली म्हैस पोहू शकत नाही. दावणीला पंधरा जनावरं असली आणि एकेक निरगाठ सोडायला दोन मिनिटं लागली, तर अर्धा तास जातो. सुरगाठी असल्या तर तेच काम दोन मिनिटांत होतं. याखेरीज एक धारदार विळा गोठ्याच्या दारापाशी, माणसाच्या हाताला येईल पण पोरांच्या येणार नाही अशा उंचीवर, कायम अडकवलेला असावा. तो गवत कापायला न्यायचा नाही.

दोराचं म्हणाल तर अंबाडीच्या वाखाचं किंवा सुती दावं हाताला आणि कातडीला मऊ असतं, गाठ धरतं, पण भिजून कुजतं. नायलॉन कुजत नाही, स्वस्त पडतं, म्हणून आता सगळीकडे तेच दिसतं. त्याचे दोन दोष लक्षात ठेवावेत. त्यावर गाठ सरकते, आणि जोरात सरकलं तर ते कातडी भाजल्यासारखी सोलतं, जनावराचीही आणि आपलीही. नायलॉन वापरायचंच तर निदान १२ मिलिमीटर जाड, वेणीसारखं विणलेलं घ्यावं आणि मानेभोवतीच्या भागावर जुन्या कापडाची पट्टी शिवून घ्यावी. साखळी वापरणाऱ्यांनी मधे भोवरकडी घालावी. तिच्यामुळे पीळ बसत नाही. ती महिन्यातून एकदा तेलानं फिरती ठेवावी, गंजून धरलेली भोवरकडी असून नसल्यासारखीच.

मानेतलं दावं किती सैल असावं? आपला पंजा आडवा सहज आत गेला पाहिजे. त्याहून सैल असलं तर खाजवताना मागचं खूर त्यात अडकतं. आणि इथे एक गोष्ट कळवळून सांगावीशी वाटते. वासराच्या गळ्यात चौथ्या महिन्यात बांधलेलं दावं दहाव्या महिन्यातही तेच असतं. मान वाढते, दावं वाढत नाही. केसांखाली ते हळूहळू कातडीत रुततं, वरून काही दिसत नाही, मग वास येतो, माश्या बसतात, आणि केस बाजूला केल्यावर आत अळ्या वळवळताना दिसतात. यात कुणाची दुष्टाई नसते, रोज बघणाऱ्या डोळ्यांना बदल दिसत नाही इतकंच. प्रत्येक अमावस्येला सगळ्या वासरांच्या गळ्यातून एकदा बोटं फिरवावीत. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाला नवी वेसण, नवा कासरा घालायची रीत आहेच, ती वर्षाची दोरतपासणीच आहे. वासरांचा मात्र असा सण नाही.

मुक्कामाचं दावं आणि कामाचं दावं यातही गल्लत होते. रात्रभर बांधायचं तर खुंटा खाली हवा आणि जनावराला बसून मान कुशीकडे वळवता येईल इतकी लांबी हवी. इंजेक्शनपुरतं बांधायचं तर गाठ डोक्याच्या उंचीवर आणि दावं हातभर, कारण खाली आणि लांब बांधलं तर पुढचा पाय दाव्यावरून जातो. हातभर दाव्यानं दिवसभर बांधून ठेवणं मात्र क्रूरपणा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं, दोरीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच धरला आहे.

बांधण्याआधी जवळ जावं लागतं, आणि बरेच अपघात तिथेच होतात. गाईम्हशींचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्यांना जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचा पट्टा सुटतो. तिथून कुणी हात लावला की ती आधी लाथ मारते आणि मग वळून बघते. जायचं खांद्याच्या दिशेनं, तिरकं, हळू, तोंडानं काहीतरी बोलत, आणि पहिला हात खांद्यावर किंवा मानेवर ठेवायचा. तोंडावर थेट हात नेऊ नये, कारण नाकासमोर अगदी जवळचं तिला नीट दिसत नाही. पुढे चालवायचं असेल तर खांद्याच्या मागे उभं राहायचं, मागे सरकवायचं असेल तर खांद्याच्या पुढे. शेपूट पिरगाळून हाकायची सवय वाईट. शेपटीची हाडं लहान आणि सांधे नाजूक, ते तुटतात, आणि तुटलेल्या शेपटीच्या गाईला आयुष्यभर माश्या वारता येत नाहीत. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ मारत नाही. तिचा पाय आधी पुढे येतो आणि मग बाजूनं कमानीत मागे जातो. त्यामुळे कासेजवळ दूर, हात लांबवून उभं राहणारा माणूस नेमका त्या कमानीच्या टोकाशी असतो. एकतर पूर्ण लांब राहा, नाहीतर अंगाला अंग लावून उभे राहा. जवळून बसलेली लाथ ढकलते, लांबून बसलेली हाड मोडते.

जातही बघावी लागते. डांगी शांत, देवणी बहुतेक समजूतदार. खिल्लार तापट, त्याला कान मागे घ्यायला नवा माणूस पुरतो. संकरित गाईंच्या गोठ्यातला वळू, तो बाटलीनं दूध पाजून वाढवलेला असला तरी, विश्वासाचा नव्हे. खरं तर असला तर जास्तच नव्हे, कारण त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. मान खाली, पाठ उंच आणि अंग आडवं करून तो उभा राहिला की ते दर्शन नसतं, इशारा असतो. पाठ न फिरवता मागे सरायचं.

डोकं ताब्यात तर जनावर ताब्यात. त्यासाठी म्होरकी, म्हणजे डोक्या-नाकाभोवती घालायचा दोरीचा साज, सर्वांत चांगली. नाकावरचा पट्टा डोळा आणि नाकपुडी यांच्या बरोबर मधे, हाडावर आला पाहिजे. तो खाली घसरून मऊ भागावर आला की नाकपुड्या दाबल्या जातात, जनावर गुदमरून झटापट करतं आणि माणसांना वाटतं ते माजलंय. वेसण वळवण्यासाठी आहे, बांधून ठेवण्यासाठी नाही. ती दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पातळ, मऊ भागातून, कुर्चेच्या पुढून गेलेली असते. फार पुढे टोचली तर फाटून बाहेर येते, मागे कुर्चेत टोचली तर चिघळत राहते. वेसणीनं खुंट्याला बांधलेला बैल दचकून मागे सरला की पडदा फाटतो, आणि तो परत जोडता येत नाही. आणि कासरा, दावं, काहीही हाताला गुंडाळायचं नाही. हातात घड्या करून धरायचं. उधळलेल्या बैलाच्या दोराच्या वेढ्यात अडकलेली बोटं तुटून गेलेली माणसं गावोगाव आहेत.

पाच-सहापेक्षा जास्त जनावरं असली तर लोखंडी खोडा, म्हणजे जनावर उभं धरून ठेवायचा नळ्यांचा सांगाडा, करून घ्यावा. कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, कानात बारा आकडी बिल्ला मारणं, सहा-सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकुताची लस, वाढलेली खुरं कापणं, वर्षात एका जनावराला पाच-सात वेळा तरी धरावं लागतं. दवाखान्यातला खोडा पाहून गावातला वेल्डिंगवाला तसा करून देतो, फक्त मापं आपली द्यावीत. आतली लांबी साडेपाच ते सहा फूट. रुंदी देशी गाईला सव्वादोन, मोठ्या संकरित गाईला किंवा मुऱ्हा म्हशीला अडीच ते पावणेतीन फूट. जनावर उभं राहिल्यावर दोन्ही कुशींना चार-चार बोटं जागा उरावी. जास्त उरली तर ते आत वळायला बघतं आणि अर्ध्यात अडकतं. चार उभे खांब अडीच इंची नळीचे, अडीच फूट काँक्रीटमध्ये, साडेपाच फूट वर. बाजूच्या आडव्या नळ्या काढघाल करता येतील अशा, कारण आत बसलेलं जनावर वरून उचलता येत नाही, बाजूनंच काढावं लागतं. खाली गुळगुळीत फरशी मुळीच नको. मुरूम, नाहीतर खाचा पाडलेलं काँक्रीट. मागचे पाय फाकून घसरलेली गाय पुन्हा उभी राहील याची खात्री नसते.

तयार खोडे मान अडकवणाऱ्या फाटकासह मिळतात. पंढरपुरी म्हैस पाळणाऱ्यांनी ते घेण्याआधी विचार करावा. तिची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत, कधी त्याही पलीकडे जातात. ती फाटकातून आत जातात, पण बाहेर येताना आडवी होऊन अडकतात. तिच्यासाठी पुढे दोन खांबांमधे मोकळी जागा आणि म्होरकीनं दोन्ही बाजूंना बांधायला कड्या, एवढंच पुरतं.

खोड्यात जनावर जात नाही याचं कारण बहुतेक वेळा खोड्यातच असतं. समोर भिंत आहे, पत्र्याची सावली पट्ट्यापट्ट्यांनी पडली आहे, नळीवर कुणीतरी पोतं वाळत घातलंय आणि ते फडफडतंय, तोंडाशी पाण्याचं डबकं आहे. समोर मोकळं दिसलं पाहिजे आणि उजेड अंधारातून उजेडाकडे असा असला पाहिजे. सर्वांत चांगला उपाय आठ दिवसांचा आहे. खोडा बंद न करता रोज संध्याकाळी त्यात ओंजळभर पेंड ठेवायची. नवव्या दिवशी गाय स्वतः जाऊन उभी राहते. याऐवजी चारजण काठ्या घेऊन ढकलतात, ती एकदा आत जाते आणि पुढच्या वेळी फाटकापासूनच पाय रोवते.

बंद करायचा क्रम: जनावर आत गेलं की आधी मागची आडवी नळी, जमिनीपासून अडीच फुटांवर, मांड्यांमागे. मग डोकं. गरज असेल तर छातीखालून आणि पोटाखालून रुंद पट्टे, म्हणजे ते खाली बसणार नाही. सोडताना क्रम बरोबर उलटा, आधी पट्टे, मग डोकं, आणि मागची नळी सर्वांत शेवटी. ती आधी काढली तर जनावर मागे झेप घेतं, डोकं बांधलेलंच असतं, आणि मानेला हिसका बसून ते खोड्यातच कोसळतं. बाजूच्या नळ्यांमधून कोपरापर्यंत हात घालून काम करू नये, जनावर अंगानं दाबतं तेव्हा हात नळीवर काडीसारखा मोडतो. खोड्यात बांधून चहाला जायचं नाही. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरकावं, म्हशीला तर घाम फार कमी येतो, अर्ध्या तासाच्या उन्हातच ती धापा टाकायला लागते.

खोडा नसेल तर भिंत आणि फाटक यांच्यात जनावराला हळूच दाबून धरता येतं. फाटक भिंतीलगतच्या बिजागरीवर फिरणारं हवं, आणि ते दोरानं ओढून धरणारा माणूस जनावराच्या मागे नव्हे, फाटकाच्या बाहेर हवा. मोटारसायकल, नळाचा पाइप, उघडझाप होणारं दार यांना जनावर बांधू नये. घाबरलेली गाय दार उखडून घेऊन पळते, आणि पायाशी आदळणाऱ्या दारामुळे आणखी घाबरते.

धारेच्या वेळी लाथ मारणाऱ्या गाईचे मागचे पाय ढोपरांच्या वर इंग्रजी आठच्या आकारात मऊ दोरीनं बांधतात. बांधावेत, सुरगाठीनं. पण आधी सड बघावेत. चिरलेला सड, सुरू झालेला कासदाह, धार काढणाऱ्याची वाढलेली नखं, यातलं काहीतरी निघतंच. शिवाय घाबरलेली गाय पान्हा चोरते. पान्हा टिकतो पाच-सात मिनिटं, ती मिनिटं पाय बांधण्याच्या झटापटीत गेली तर दूध कासेतच राहतं आणि उद्या कास आणखी दुखते, उद्याची लाथ आणखी जोराची.

बैल पाडणं हा सर्वांत जोखमीचा प्रकार. खुरांना पत्री ठोकण्यासाठी, खच्चीकरणासाठी, शस्त्रक्रियेसाठी पाडावंच लागतं. आदल्या रात्रीपासून वैरण बंद, सकाळी पाणीही नाही. भरल्या पोटानं पाडलेला बैल फुगतो, किंवा पोटातलं तोंडात येऊन श्वासनळीत जातं. जागा मोकळी, दगड वेचलेले, वर पाचटाचा वीतभर थर. दोर चाळीस फुटांचा, अंगठ्याएवढा जाड. मानेच्या बुडाशी न सरकणारा फास, तो सरकला तर गळफास होतो. मग दोर पाठीवरून मागे नेत पहिला वेढा पुढच्या पायांच्या कोपरांमागे छातीभोवती, दुसरा कासेच्या पुढे पोटाभोवती. दोन माणसं दोर सरळ मागे, एकसारखा ओढतात. हिसके द्यायचे नाहीत. एकसारख्या दाबानं बैल गुडघे दुमडून स्वतःच खाली बसतो. मागचा वेढा गाईच्या दुधाच्या शिरेवर किंवा बैलाच्या लिंगाच्या कातडीवर येऊ देऊ नये. त्याला काळ्यानिळ्या गाठी येतात. दिवस भरत आलेल्या गाईला पाडूच नये.

पडल्यावर डोकं धरणारा सर्वांत महत्त्वाचा, तो अनुभवीच हवा. मान लांब, घशाखाली पाचटाची उशी आणि नाक उताराला, म्हणजे लाळ बाहेर वाहते. म्होरकीला लोखंडी कडी असेल तर ती गालाखालून काढून घ्यावी. कडी गालाच्या हाडावर दाबून राहिली तर तिथली नस दुखावते आणि बैलाचा ओठ, कान एका बाजूला लोंबतो. कडक जमिनीवर खूप वेळ पडून राहिला तर पुढच्या पायाचीही नस जाते आणि पाय ओढत चालतो. काम करणारानं पाठीच्या बाजूला बसावं, चार पायांच्या आत कधीही नाही. वीस मिनिटांत काम उरकलं नाही किंवा डावी कूस तंबूसारखी फुगू लागली, तर काम अर्धं सोडून बैलाला छातीवर बसतं करावं. उठवताना आधी बांधलेले पाय सोडायचे, मग अंगावरचा दोर, मग डोकं, आणि तो उठेल ती बाजू रिकामी. गुंगीचं औषध पशुवैद्यकानंच द्यावं. झायलाझिन गाईबैलांना घोड्याच्या मानानं साधारण दशांश मात्रेत पुरतं, त्यात अंदाजाचं काम चालत नाही.

औषध पाजताना तोंड डोळ्यांच्या रेषेइतकंच उचलावं. नाक आभाळाकडे केलं की औषध फुप्फुसात जातं. ठसका लागला की डोकं लगेच सोडायचं. आणि लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकलंय असं समजून उघडा हात कधीही घालू नये. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेली गाय अगदी अशीच दिसते.

शेळ्यामेंढ्यांचं काम हलकं, पण त्यांच्याही चुका ठरलेल्या. करडाचं शिंग धरून ओढलं तर ते बुडापासून निघतं. मेंढीला लोकरीनं उचललं तर कातडीखाली रक्त साकळतं. एक हात जबड्याखाली, दुसरा पुठ्ठ्यावर, एवढं पुरतं. शेळी बांधावर किंवा दरडीच्या कडेला बांधू नये. ती पलीकडे उडी मारते आणि दावं आखूड पडून लटकते.

शिकवायचं ते वासराच्या वयात. दोन-तीन महिन्यांचं झालं की रोज दहा मिनिटं म्होरकी घालायची, ओढायचं नाही, फक्त धरून उभं राहायचं. ते मागे ओढत राहतं तोवर दोर ताठ ठेवायचा. एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायचा. त्याला कळतं ते सैल सोडण्यातून. आठवडाभरात ते दोर ताठ होण्याआधीच पाऊल उचलू लागतं. मग त्याला दावणीला आणून खुंट्याला सुरगाठ मारायची, टोक त्याच्या तोंडापासून लांब ठेवायचं, आणि गळ्यातून एकदा पंजा फिरवून बघायचा.